वाटेवरची जकात : जाहिरात चुकवण्याचा इतिहास

हातातला हा अंक मध्येच कुठेही उघडा. दोनचार पाने मजकूर झाला की एखाद्या सराफाची, सहकारी बँकेची किंवा मसाल्याची जाहिरात लागेल. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक प्रथा रुजली. त्या प्रथेचा कागद, छपाई आणि मानधन यांचा मोठा भार जाहिरातींच्या पानांनी उचलला आहे. वाचक ती पाने उलटून पुढे जातो, हे संपादकाला माहीत असते आणि जाहिरातदारालाही. तरी पान उलटणाऱ्याला कोणी चोर म्हटलेले नाही. जाहिरात पुरती वाचून होईपर्यंत पुढचे पान चिकटवून ठेवण्याची युक्तीही आजवर कोणी केलेली नाही.

ऑनलाइन व्हिडिओत नेमकी हीच युक्ती करता येते. पाहणाऱ्याने जाहिरात अडवणारे साधन, म्हणजे अ‍ॅडब्लॉकर, वापरले तर साइट ते ओळखते आणि व्हिडिओ दाखवायचा थांबते. मग अ‍ॅडब्लॉकर बनवणारे नवी वाट काढतात, साइट ती बुजवते. गेली काही वर्षे ही चढाओढ चालू आहे. एक बाजू म्हणते, जाहिरात चुकवणे ही चोरी आहे. दुसरी म्हणते, माझ्या यंत्रावर काय उमटावे हे मी ठरवणार.

माझा मूळ अभ्यास अलिबाग ते श्रीवर्धन या पट्ट्यातल्या बंदरांचा आणि तिथल्या जकातीचा. कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का त्यावर नाही. दप्तरे, गॅझेटियर आणि जुनी पुस्तके हाताशी लागतील तशी वाचत गेलो. या भांडणातली वाक्ये मला ओळखीची वाटली ती त्या वाचनामुळे. वाट कोणाची, थांबवण्याचा हक्क कोणाचा आणि न थांबणारा चोर की स्वतंत्र, हा वाद या किनाऱ्याने फार पूर्वी पाहिला आहे. म्हणून आधी समुद्राकडे जाऊ आणि तिथून रेडिओ, टीव्हीच्या मार्गाने आजच्या पडद्यावर येऊ.

कार्ताझ आणि दस्तक

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज चौलला आले. आधी त्यांनी वखार घातली, मग आजच्या रेवदंड्यात कोट उभारला. अरबी समुद्रातली वाट तोवर कोणा एकाच्या मालकीची नव्हती. पोर्तुगीजांनी ती आपली ठरवली आणि ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. परवान्याविना सापडलेले जहाज मालासकट जप्त होई. परवान्याचे शुल्क तसे किरकोळच असे. खरी मेख पुढे होती. कार्ताझ घेतलेल्या जहाजाला पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरावी लागे. हज यात्रेला निघालेल्या मोगल जहाजांचीही त्यातून सुटका नव्हती.

दोनशे वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनी कुलाब्याच्या किल्ल्यातून तोच हक्क आपल्या बाजूने बजावला. त्यांच्या पाण्यातून जायचे तर त्यांचे दस्तक घ्या, नाहीतर जहाज धरले जाईल. इंग्रजांनी दस्तक घ्यायला नकार दिला आणि आंग्र्यांना चाचे ठरवले. आंग्र्यांच्या दृष्टीने दस्तक न घेता जाणारा हाच गुन्हेगार होता. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली आणि ती फसली. दोन शतके इतरांना परवाना घ्यायला लावणारे पोर्तुगीज, दुसऱ्याच्या परवान्याविरुद्ध लढायला उभे राहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा आधुनिक जुळा भाऊ भेटणार आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कार्ताझच्या कागदात आहे. जहाज कोणते, केवढे, नाखवा कोण, शस्त्रे किती, कुठून कुठे जाणार, कोणता माल न्यायचा नाही, हे त्यात लिहिलेले असे. व्यवस्था जुलमाचीच होती, पण काय द्यायचे आणि त्या बदल्यात काय मिळायचे हे जहाजवाल्याला निघण्यापूर्वी कळत असे.

टूथपेस्टच्या नावाचा कार्यक्रम

हवेतून येणाऱ्या आवाजाचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी उभा राहिला. त्या दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनीची मुख्य भिस्त श्रोत्यांच्या वार्षिक दहा रुपयांच्या परवान्यावर होती. परवाना न काढता रेडिओ ऐकणारे होतेच. घराच्या भिंतीआड कोण ऐकतो हे कळणार कसे? परवाने अपुरे पडले, खर्च वाढला आणि १९३० साली कंपनी बुडाली. सरकारने केंद्रे चालवायला घेतली. त्याच व्यवस्थेचे पुढे आकाशवाणी झाले. या आकाशवाणीवर बरीच वर्षे जाहिरात नव्हती. श्रोता पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरी आणि तिथे हिशेब संपे.

जाहिरात आली ती समुद्रापलीकडून. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या चित्रपटसंगीताला लगाम बसला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत ध्वनिमुद्रण करीत आणि फिती कोलंबोला जात. कार्यक्रमाचे नावच टूथपेस्टचे. जाहिरात टाळायची तर गाणेही टाळावे लागे, कारण दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेली होती. ही युक्ती लक्षात असू द्या.

सरकारने यातून धडा घेतला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर तिच्यात जाहिराती सुरू झाल्या. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. मचव्यावर, वाडीत, सुपारी सोलायच्या पडवीत ट्रान्झिस्टर वाजत असे. जाहिरात लागली की कोणी उठून बटण फिरवत नसे, कारण ती ऐकताना हात मोकळे असत. जाळे विणता विणता जाहिरात कानावरून जाई. रेडिओच्या जाहिरातीने वेळ घेतला, पण काम अडवले नाही.

चित्रपटगृहात मात्र सक्ती होती. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त माहितीपट किंवा वार्तापट दाखवणे ही थिएटरच्या परवान्याची अट होती आणि त्यासाठी थिएटरमालकाला भाडेही भरावे लागे. ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली वैध ठरवली. प्रेक्षकांनी त्यावर आपला तोडगा कधीच काढला होता. ‘न्यूज’ संपेपर्यंत बाहेर विडी ओढायची, चहा घ्यायचा आणि घंटा झाली की आत शिरायचे. सक्ती मालकावर होती, प्रेक्षकाच्या डोळ्यांवर नव्हती.

मुंबईकडे तोंड करून

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरींना अलिबागकडे यायला मध्ये फक्त पाणी होते. त्यामुळे आमच्या भागात टीव्ही घेणाऱ्यांच्या कौलांवर अँटेना मुंबईकडे तोंड करून उभे राहिले. खाऱ्या वाऱ्याने त्यांचे दांडे गंजत. एक जण वर चढून दांडा फिरवायचा, खाली खिडकीतून दुसरा ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचा. माझ्या पिढीचे दूरदर्शन असे आले.

१ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. १९८४ साली ‘हम लोग’ या मालिकेने प्रायोजित कार्यक्रमांचा रस्ता उघडला. तिचा प्रायोजक मॅगी नूडल्स होता. रेडिओ आणि टीव्हीचे घरगुती परवाने १९८०च्या दशकाच्या मध्यात रद्द झाले. लोकांना आनंद झाला. पोस्टाची रांग गेली, दंडाची भीती गेली. पण या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. प्रेक्षक पैसे देणारा राहिला नाही आणि त्याच सुमारास जाहिरातदार खर्च उचलणारा झाला. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाले तेव्हा कार्यक्रमापूर्वीच्या जाहिरातींची रांग आम्ही हात जोडण्याच्या तयारीत बसून पाहत असू. कोणाची तक्रार नव्हती. रविवार सकाळ सोसवत होती, कारण त्या जाहिराती केव्हातरी संपणार हे ठाऊक होते.

हे ‘केव्हातरी’ किती, हे पुढे कायद्याने सांगितले. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात : १० मिनिटे व्यापारी आणि २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ही मर्यादा काटेकोर पाळायला लावायचे ठरवले, तेव्हा २०१३ साली वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मर्यादा ओलांडली जाते हे प्रत्येक घराला कळते. पण ओलांडायला तरी एक रेघ आहे.

रिमोटचा जन्म

चुकवण्याची यंत्रे जाहिरातींइतकीच जुनी आहेत. अमेरिकेत झेनिथ कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिरातींचा तिटकारा होता. त्यांच्या कंपनीने १९५५ साली ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा प्रकाशझोताचा रिमोट बाजारात आणला आणि जाहिरातीचा आवाज बसल्या जागी बंद करता येतो, हा त्याचा गुण म्हणून मिरवला. म्हणजे आज प्रत्येक घरात असलेले हे यंत्र काही अंशी अ‍ॅडब्लॉकर म्हणूनच जन्माला आले.

पुढचा सामना व्हिडिओ रेकॉर्डरचा. सोनीच्या बेटामॅक्सविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाली काढला. घरी बघण्यासाठी कार्यक्रम मुद्रित करून ठेवणे वैध ठरले. फीत पुढे पळवून लोक जाहिराती टाळतील ही भीती त्या खटल्यात बोलली गेली होती. जाहिराती पळवून टाळणारे चौघांत एकच, असे खालच्या न्यायालयाला आढळले होते.

२००१ साली रिप्ले-टीव्ही या यंत्रावर खटला झाला, कारण ते जाहिराती आपोआप गाळत असे. बनवणारी कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. याच वादात २००२ साली टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केलनर यांनी जाहिरात टाळणे ही कार्यक्रमाची चोरी आहे, असे म्हटले. शौचाला उठणाऱ्याचे काय, असे विचारल्यावर तेवढी थोडी सवलत त्यांनी देऊ केली. हे उत्तर वाचून हसू येते, पण त्यात एक दावा दडलेला आहे : कार्यक्रम फुकट घेतला म्हणजे तुम्ही जाहिरात पाहण्याचा करार केला. हा करार कोणी, कधी आणि किती मिनिटांचा केला, हे मात्र त्यात नव्हते.

नकोशांची यादी

२००२ साली डेन्मार्कमधल्या हेन्रिक आस्टेड सॉरेन्सन या विद्यार्थ्याने ब्राउझरसाठी ‘अ‍ॅडब्लॉक’ नावाचे छोटे जोडसाधन लिहिले. २००६ साली व्लादिमिर पालांट यांनी ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ आणले. २०१४ मध्ये रेमंड हिल यांचे ‘यूब्लॉक’ आले. ते पुढे ‘यूब्लॉक ओरिजिन’ नावाने जगभर पसरले आणि त्यासाठी ते देणगीही घेत नाहीत.

ही साधने चालतात कशी ते साध्या शब्दांत सांगतो. आपण एखादे पान उघडतो तेव्हा ते एका ठिकाणाहून येत नाही. मजकूर एका पत्त्यावरून, चित्रे दुसऱ्या, जाहिराती तिसऱ्याच पत्त्यावरून येतात. अ‍ॅडब्लॉकरकडे जाहिरातींच्या पत्त्यांची यादी असते. स्वयंसेवक ती रोज दुरुस्त करतात. ब्राउझर त्या पत्त्याकडे मागणी करू लागला की अ‍ॅडब्लॉकर त्याला दारातच थांबवतो. व्हिडिओच्या बाबतीत तो आणखी एक काम करतो. कोणत्या मिनिटाला कोणती जाहिरात लावायची, ही सूचना व्हिडिओसोबत येते. ती तो आधीच काढून टाकतो.

केवळ त्रास टाळण्यासाठीच लोक हे वापरतात असे नाही. जाहिरातीच्या वाटेने फसवणूकही येते. शोधयंत्रातल्या खोट्या जाहिरातींतून होणाऱ्या लुबाडणुकीबद्दल डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा काढला आणि नागरिकांना अ‍ॅडब्लॉकर वापरण्याचा सल्ला दिला. जर्मनीत अ‍ॅक्सेल स्प्रिंगर या बड्या प्रकाशनसंस्थेने ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’च्या आयओ कंपनीवर खटला भरला, १९ एप्रिल २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असे साधन देणे अनुचित स्पर्धा नाही, असा निकाल दिला. भारतातही जाहिरात अडवण्याला नाव घेऊन गुन्हा ठरवणारा कायदा नाही.

आणि इथे आंग्र्यांच्या काळातला तो जुळा भाऊ भेटतो. याच आयओ कंपनीने २०११ साली ‘स्वीकारार्ह जाहिराती’ अशी योजना काढली. फार त्रासदायक नसलेल्या जाहिराती यादीतून सुटतील, पण मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी पैसे भरायचे. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन असे पैसे देतात, अशी बातमी ‘फायनान्शियल टाइम्स’ने २०१५ साली छापली. जकात चुकवून देणाऱ्यानेच वाटेवर आपले नाके उभारले. पोर्तुगीज आणि आंग्रे दोघांनाही हे ओळखीचे वाटले असते.

शिवलेली जाहिरात

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते १.६५ अब्ज डॉलरला घेतले. जाहिराती हळूहळू आल्या. २०१० च्या अखेरीस पाच सेकंदांनंतर जाहिरात सोडून पुढे जाण्याचे बटण आले. मला तो या इतिहासातला सर्वांत सभ्य क्षण वाटतो. पाच सेकंदांत आवडले तर थांबा, नाहीतर जा. पान उलटण्याची मुभा पडद्यावर आली. पुढे न सोडता येणाऱ्या जाहिराती वाढल्या. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालण्यासाठी आधी दहा मिनिटांची लांबी लागत असे, ती २०२० मध्ये आठ मिनिटांवर आली.

२०२३ साली यूट्यूबने अ‍ॅडब्लॉकरविरुद्ध उघड मोहीम घेतली. आधी सूचना, मग तीन व्हिडिओंनंतर बंदी. पर्याय दोनच, अ‍ॅडब्लॉकर काढा किंवा सशुल्क प्रीमियम घ्या. आमच्या यंत्रात कोणते साधन आहे हे संमतीविना तपासणे युरोपच्या कायद्यात बसते का, अशी तक्रार त्याच वर्षी आयर्लंडच्या नियामकाकडे गेली. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, जाहिराती गाळणारे ‘व्हॅन्स्ड’ हे अ‍ॅप गूगलच्या कायदेशीर दबावाखाली बंद झाले होते. एप्रिल २०२४ मध्ये अशा इतर अ‍ॅप्सवरही कारवाईची घोषणा झाली. क्रोम ब्राउझरने जोडसाधनांचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये जुने ‘यूब्लॉक ओरिजिन’ त्यात चालेनासे झाले. त्याच्या जागी कमी अधिकारांचे हलके रूप आले. सुरक्षितता आणि वेग ही कारणे गूगलने दिली. फायरफॉक्सवर जुने साधन अजून चालते. पण व्हिडिओची साइट, जाहिरातींचा बाजार आणि सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर एकाच मालकाचे आहेत, ही वस्तुस्थिती राहतेच. बंदर त्याचे, गलबत त्याचे आणि होकायंत्रही त्याचेच.

सर्वांत मोठा बदल २०२४ च्या जूनमध्ये चाचणीच्या रूपात दिसला. जाहिरात वेगळ्या पत्त्यावरून न आणता व्हिडिओच्या प्रवाहातच शिवून पाठवायची. यादीतला पत्ता येतच नाही, मग थांबवणार कोणाला? व्हिडिओतल्या प्रायोजित भागांच्या वेळा लोकांकडून गोळा करून ते भाग गाळणारे ‘स्पॉन्सरब्लॉक’ नावाचे एक साधन आहे. जाहिरात आत शिवली की पुढच्या सगळ्या वेळा सरकतात आणि त्याचे गणित कोलमडते. ही चाचणी त्या साधनाच्या कर्त्यांच्याच आधी लक्षात आली.

वाचकांना ‘बिनाका गीतमाला’ आठवली असेल. बाहेरून लावलेली जाहिरात लोक चुकवू लागले की जाहिरात कार्यक्रमाच्या आत जाते. कधी ती कार्यक्रमाचे नाव बनते, कधी सूत्रसंचालकाच्या तोंडचे वाक्य, कधी प्रवाहातला टाका. जितकी खोल जाते तितकी ती जाहिरात म्हणून ओळखणे अवघड होते. अ‍ॅडब्लॉकर पूर्ण जिंकला तर जाहिरात संपणार नाही. ती अधिक वेषांतर करील. माझ्यासारख्या अ‍ॅडब्लॉकर वापरणाऱ्यानेही हे मान्य केले पाहिजे.

दमडी कोणाची

आता आमच्या किनाऱ्याकडे परत येतो, कारण प्रश्नाची धग इथे जाणवते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले आणि स्वस्त डेटा कोळीवाड्यापर्यंत पोचला. आज इथला बहुतेक पाहणारा फोनवर पाहतो. फोनमधल्या यूट्यूबच्या अ‍ॅपला जोडसाधन लावता येत नाही. म्हणजे अ‍ॅडब्लॉकरची सोय मुख्यतः संगणकवाल्याची आणि ब्राउझरची माहिती असणाऱ्याची. ज्याच्याकडे दिवसाला मोजका डेटा आहे, त्याच्या त्या डेटातूनच जाहिरातीही येतात. रेडिओची जाहिरात श्रोत्याच्या खिशातून काही नेत नव्हती, ही नेते. मग कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जाहिरातमुक्त’ अ‍ॅपची फाइल पाठवतो. अशाच फाइलींतून फोनचा ताबा घेऊन बँकखाती रिकामी केल्याच्या तक्रारी देशभर नोंदल्या जात आहेत. जकात चुकवायला आडवाटेने निघालेला नेमका लुटारूंच्या हाती सापडावा तसे हे आहे.

दुसरी बाजू बनवणाऱ्यांची. कोळीगीते, आगरी विनोद, नारळी पौर्णिमेची मिरवणूक, बोंबील सुकवण्याची रीत, चौलच्या दत्ताची जत्रा : या किनाऱ्याचे केवढे तरी दस्तऐवज आज व्हिडिओच्या रूपात साठत आहेत. माझ्यासारख्या अभ्यासकाला ते दप्तराइतकेच मोलाचे आहेत. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात. अ‍ॅडब्लॉकर लावून कोळीगीत ऐकणारा त्या गायकाच्या वाट्यातलेही काही बुडवतो, हे खरे आहे.

पण पूर्ण खरे नाही. उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी चॅनेलला किमान १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणे, किंवा छोट्या व्हिडिओंची मोठी संख्या, अशी अट आहे. गावातल्या भजनी मंडळाचे किंवा एकट्या दुकट्या नाखव्याचे चॅनेल तिथवर पोचत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात यूट्यूबने अटी बदलल्या. वाटेकरी नसलेल्या चॅनेलच्या व्हिडिओवरही जाहिरात लावण्याचा हक्क कंपनीने घेतला आणि त्यातला वाटा त्या चॅनेलला नाही. अमेरिकेबाहेर हे २०२१ च्या जूनपासून लागू झाले. ‘जाहिरात पाहा, कलाकाराला मदत होते’ हे वाक्य अशा व्हिडिओपुरते लटके पडते. आणि पाहणाऱ्याला हा फरक कळायला पडद्यावर काहीही खूण नाही.

प्रीमियमचा मार्ग प्रामाणिक आहे, हे म्हणायलाच हवे. भारतात तो मार्च २०१९ मध्ये महिना १२९ रुपयांना सुरू झाला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १४९ झाला. त्या पैशातून, पाहिलेल्या वेळेच्या प्रमाणात, वाटेकरी चॅनेलना हिस्सा मिळतो. ज्याला परवडते त्याने तो घ्यावा. १९२७ चा दहा रुपयांचा परवाना नव्या रूपात परत आला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण तेव्हा परवाना काढणारा आणि न काढणारा एकच कार्यक्रम ऐकत. आज न देणाऱ्याचा वेळ किती घ्यायचा, याला वरची मर्यादा कुठे लिहिलेली नाही. उद्या ती दुप्पट झाली तरी कोणता नियम मोडला असे दाखवता येणार नाही.

दरपत्रक

या साऱ्या वाटचालीतून मला एक गोष्ट दिसते. लोकांनी जाहिरात म्हणून जाहिरातीचा राग फारसा केलेला नाही. पानावरची सोसली, विविध भारतीवरची गुणगुणली, ‘रामायणा’आधीची हात जोडून पाहिली. रागाचे कारण बेहिशेबीपणा आहे. माप ठाऊक असले की माणूस जकात भरतो, कुरकुरत का होईना. माप ठाऊक नसले की आडवाट शोधतो. अ‍ॅडब्लॉकर म्हणजे कायद्याने न आखलेली रेघ पाहणाऱ्याने स्वतःच आखणे. ती टोकाची आहे, कारण ती एकदम शून्यावर आहे आणि तिच्यामुळे गायकाचाही वाटा जातो. पण समोरच्या बाजूला रेघच नाही.

आपल्या देशात हा प्रश्न वेगळ्या दारातून न्यायालयात पोचलाही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या ग्राहक आयोगाने चित्रपटाआधी सुमारे पंचवीस मिनिटे जाहिराती दाखवल्याबद्दल पीव्हीआर-आयनॉक्सला भरपाई द्यायला सांगितले आणि तिकिटावर चित्रपट सुरू होण्याची खरी वेळ छापा, असा आदेश दिला. मार्चमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. निकाल पुढे काहीही लागो, मागणी कशाची होती ते पाहा. जाहिराती सरसकट बंद करा, असे आयोगाने म्हटले नव्हते. वेळ सांगा, असे म्हटले होते.

ऑनलाइन व्हिडिओसाठीही मागणी यापेक्षा मोठी असण्याचे कारण नाही. तासाला किती मिनिटे जाहिरात, हे आधी सांगा आणि केबलसारखी त्याला मर्यादा घाला. या जाहिरातीतला वाटा चॅनेलवाल्याला जातो की नाही, हे पडद्यावर दाखवा. फसवी जाहिरात दाखवली तर जबाबदारी घ्या. हे झाले तर अ‍ॅडब्लॉकर काढून ठेवायला मी तयार आहे. माझ्या ओळखीतले बरेच जण तयार होतील असे वाटते. तोवर वापरणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे : ज्यांचे काम आपण नेमाने पाहतो त्यांना दुसऱ्या वाटेने काही पोचवावे. कॅसेट विकत घेतली जाई तसे गाण्याचे पैसे द्यावेत, कार्यक्रमाची सुपारी द्यावी, चॅनेलची सभासदवर्गणी भरावी.

दिवाळी अंकाचे जाहिरात विभाग दरवर्षी दरपत्रक छापतात : पूर्ण पान इतके, अर्धे पान इतके, मलपृष्ठ इतके. व्हिडिओच्या धंद्यातही जाहिरातदाराला आपण कशाचे किती देतो, हे पैशापर्यंत कळते. वेळ, डेटा आणि नजर देणाऱ्या पाहणाऱ्यासाठी असे दरपत्रक अजून कोणी लावलेले नाही.